सतरावं वळण

शुक्रवारी दुपारी प्रत्येक वर्गाला पंधरा मिनिटं.
आधी जीटीवाले, मग प्रोटोटाइप,
पंगती वेगळ्या, वाढणारं ऊन एकच.
सेब्रिंगच्या या पट्टीवर एके काळी बॉम्बर उतरायचे.
काँक्रीटचे चौकोन तेच, सांध्यांत गवत,
आणि प्रत्येक सांध्यावर गाडी बोलते
ठक् ठक् ठक्
शिवणयंत्राखालून जाजम ओढावं तशी.

मी पांढऱ्या कपड्यांत, कानांत बोळे.
आज माझ्या निळ्या झेंड्याला फारसं काम नाही,
जो तो एकटा, घड्याळाशी.
वेंडेल टटल, ज्यानं संत्र्यांच्या शेडमध्ये
चाळीस वर्षं पेट्या भरल्या, म्हणतो,
"आज नुसता काटा. बाजार उद्या."

एकशे त्रेचाळीस. पिवळी. चालवते ओडेसा प्रुइट,
ओकालाची, आठवडाभर घोड्यांचे खूर तपासते.
शेवटच्या फेरीत ती अशी आली
की वेंडेलनं चघळणं थांबवलं.
आणि बाहेर पडताना चारही चाकं
पांढऱ्या रेषेपलीकडे.
किती? चार बोटं.
मी रेडिओ दाबला. "एकशे त्रेचाळीस, सतरा, चारही."
फेरी पुसली गेली. गाडी रांगेत शेवटची.

मी मूळची मिरजेची. आता लेकलंडच्या दवाखान्यात
लोकांच्या रक्तातली साखर कळवते.
तिथंही कुणासाठी चार आकडे इकडेतिकडे केले नाहीत.
तरी त्या रात्री मोटेलच्या पलंगावर
चादरीच्या काठाला चार बोटं लावून पाहिली.
फार नसतात.

शनिवारी बारा तास.
एकाच रस्त्यावर निरनिराळ्या शर्यती,
एकमेकींच्या अंगावरून जाणाऱ्या.
आता माझ्या हाताला उसंत नाही.
मागून आली नि तिखट झाली
अशी एकेक प्रोटोटाइप,
आणि तिच्या पुढ्यात बिचारी जीटी,
तिला मी निळा दाखवायचा :
बाई, मागं कोणीतरी आहे.
तू हरलीस असं नाही म्हणत मी.
तुझी भांडणं दुसऱ्यांशी आहेत, ती चालू दे,
फक्त या वळणापुरती जरा अंग चोर.

किती वेळा दाखवला तिला? मोजणं सोडलं.
प्रत्येक वेळी ती आत सरकली,
प्रत्येक वेळी बाहेर पडताना
चाक रेषेवर. रेषेवर. रेषेवर.
पिटमध्ये खो दिला तिनं दुपारी,
पट्टे सुटले, दुसरा बसला, पाठीवर थाप.
संध्याकाळी कर्ण्यावर ऐकलं :
तिसरा चालक पोट धरून आडवा,
शेवटचा तास पुन्हा प्रुइट.

अंधारात वर्ग आवाजावरून ओळखते मी,
कुणाची शीळ, कुणाची घरघर.
तिची गाडी खोकत होती.
पुढचा पत्रा एका बाजूला टेपनं चिकटवलेला,
रबराचे तुकडे आमच्या बुटांवर उडत होते,
आणि सांधे बोलतच होते, ठक् ठक्,
तेवढे मात्र सगळ्या वर्गांशी सारखे.

दहा वाजले. चौकटीचा झेंडा पडला.
मग सावकाश शेवटची फेरी, दिवे लुकलुकवत,
आम्ही सगळे रंगांचे झेंडे एकदम हलवतो,
त्यात निळ्याला काही अर्थ उरत नाही.
तिच्या वर्गात ती नववी. सतरा गाड्यांत.

पिवळी गाडी आमच्यासमोर जवळजवळ थांबलीच.
खिडकीतून हातमोजा बाहेर आला,
चार बोटं, जुळवलेली, आडवी.

"शिवी आहे का ही?" मी विचारलं.
वेंडेल हसला. "घोड्यांची उंची अशीच मोजतात.
चार बोटांचा एक हात."

स्वर्ग दोन बोटं उरला, म्हणतात आमच्यात.
तिला कदाचित चार उरला असेल.
की हिशेब सांगत होती, कोण जाणे.

मीही झेंडा काखेत धरून
चार बोटं दाखवली,
तोवर ती पुढं गेली होती.